हूऱ्याच्या मैदानाचा कॉमन

आधीच सांगून ठेवतो, मैदान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हिरवळ आली असेल तर ती पुसून टाका. आमच्या बहरीनमधल्या हूऱ्याच्या मैदानात औषधालासुद्धा गवत नव्हतं. होती ती वाळू, आणि वाळूखाली अशी टणक खारी जमीन की स्टंप ठोकायला गेलं तर स्टंपच मोडायचा. म्हणून आम्ही तुपाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात तीन काठ्या उभ्या केल्या होत्या. बॉल लागला की डबा ठण्णकन वाजायचा. वाजला तर आऊट. बॅट्समन आईची शपथ घेऊन सांगायचा वाजला नाही, फिल्डिंगवाले त्यांच्या आयांच्या शपथा घेऊन सांगायचे वाजला. दर शुक्रवारी इतक्या आया पणाला लागायच्या की विचारू नका.

पीच म्हणजे काथ्याची मॅट. ती पसरायची आणि कडेने हे एवढे लांब खिळे ठोकायचे. बॉल खिळ्याच्या डोक्यावर पडला की कुठे जाईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. धावफलक डब्यांच्या पत्र्याचा, एकेक आकडा एकेका खिळ्याला टांगलेला. एकदा वाऱ्याने सहाचा पत्रा उलटा फिरला आणि नऊ झाला. आमच्यातली रायगडवाल्यांची टीम जिंकलो म्हणून नाचायला लागली, नाचून दमली, मग कळलं की अजून तीस रन बाकी आहेत. तोवर त्यांच्या पायांत दम राहिला नव्हता, हरले.

आणि शेवरलेट! मिडविकेटला कुणी तरी टाकून दिलेली एक अमेरिकन गाडी होती. चाकं नाहीत, काचा नाहीत, सीटमधून कापूस बाहेर आलेला. बॉल खिडकीतून आत गेला की पाच रन. गाडीचं मागचं एकच दार उघडायचं. आमचा अलीमियाँ एकदा बॉल काढायला आत शिरला आणि दार बसलं ते बसलंच. उघडेना, आणि खिडकीतून त्याचं अंग निघेना. आम्ही दोघा-तिघांनी ओढून पाहिलं, लाथा घातल्या, काही नाही. मॅच थांबवायची कोणाची तयारी नव्हती, कारण ऊन डोक्यावर यायच्या आत संपवायची असे. अलीमियाँ म्हणाला, "चालू द्या रे, मी इथून करतो फिल्डिंग." आणि तिसऱ्याच बॉलला त्याने खिडकीतून हात काढून कॅच घेतला! मग जी वादावादी झाली... शेवटी अंपायरने निकाल दिला, गाडी मैदानात आहे, अलीमियाँ गाडीत आहे, म्हणजे अलीमियाँ मैदानात आहे, आऊट. अजून मला हसू येतं. आता अलीमियाँ नाही, गाडी नाही, आणि मैदानाच्या जागी एक हॉटेल उभं आहे. त्या हॉटेलच्या एसींचं मेन्टेनन्स आमच्याच कंपनीकडे आहे, मी स्टोअर सांभाळतो. कधी पार्ट पोचवायला तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो की मी अंदाज घेतो, गाडी इथे होती, मॅट तिथे. वॉचमन बघत राहतो, म्हणतो, "भाई, क्या ढूँढ रहे हो?" काय सांगणार त्याला!

ह्या गोष्टी मी माझ्या मुलीला, भक्तीला, ती एवढीशी होती तेव्हापासून सांगत आलो. सुट्टीवर गेलो की समोर बसवून, नाहीतर फोनवर. लहानपणी ती पोट धरून हसायची. मोठी झाल्यावर म्हणायला लागली, "बाबा, फेकू नका." आता ती चिपळूणला शाळेत शिकवते, लग्न झालंय, आणि शिक्षिका झाल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो.

"बरं, ते राहू दे," ती एकदा म्हणाली. "तुम्ही नेमके कोणत्या टीममधून खेळायचात? रत्नागिरी की रायगड?"

इथे माझी खरी पंचाईत. कारण मी कॉमन होतो.

ज्यांनी गल्लीत क्रिकेट खेळलंय त्यांना कॉमन सांगायला नको. माणसं विषम झाली की एक जण उरतो. तो दोन्हीकडून बॅटिंग करतो, दोन्हीकडून फिल्डिंग करतो, आणि बॅटिंगला त्याचा नंबर दोन्हीकडे शेवटचा. आमच्याकडे रत्नागिरीवाले वेगळे, रायगडवाले वेगळे, आणि मी पडलो बरोब्बर मधे. वडिलांचं घर सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे वेशवीला, म्हणजे रत्नागिरी. आजोळ पलीकडे बागमांडल्याला, म्हणजे रायगड. लहानपणी होडीत बसलं की अर्ध्या तासात जिल्हा बदलायचा. पहिल्याच शुक्रवारी रत्नागिरीचा कॅप्टन ताहिर म्हणाला, हा दोन्हीकडचा, ह्याला कॉमन करा. रायगडचा कॅप्टन महादेव म्हणाला, करा. झालं. पुढे माणसं सम झाली तरी मी कॉमनच. नावसुद्धा तेच पडलं. बाळाजी म्हणून मला हाक मारणारं बहरीनमध्ये कुणी उरलं असेल तर ते पगार करणारं कॉम्प्युटर.

मी भक्तीला सांगितलं, "दोन्ही टीमना मी हवा होतो गं. म्हणून कॉमन. सांगू का, मी कधी हरलोच नाही. कोणीही जिंकलं तरी मी जिंकलेल्यांत."

"म्हणजे दर वेळी हरलेल्यांतही," ती म्हणाली.

बघा. मास्तरीण.

पण तिचं बोलणं लागलं मला. भक्तीची आई, मथुरा, गेली तेव्हा मी गावी गेलो होतो, दिवस उरकून परत आलो. त्यानंतर करोना, मग कंपनी दुसऱ्याने घेतली, मग माणसं कमी, सुट्टी पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष येतच राहिलं. भक्ती रोज फोन करते, व्हिडिओवर तोंड दिसतं, जेवलात का विचारते. जेवलो म्हणतो. पण जन्मभर बाप दूर राहिला, त्याने तिथे काय केलं, तो कोणाबरोबर होता, ह्यातलं तिने डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. मी ज्या मैदानाच्या गप्पा मारतो तिथे मी होतो तरी की नाही, अशी तिला शंका. एकदा तरी तिने मला माझ्या माणसांत खेळताना बघावं, एवढंच मला वाटत होतं. ह्यापेक्षा जास्त काही नाही.

आणि तसा योग आला. महादेवचा मुलगा संदेश इथेच जन्मला, बँकेत आहे, अमवाजला राहतो. त्याला कुठून तरी सुचलं की जुन्या हूरा ग्राउंडच्या लोकांची मॅच ठेवायची. अमवाजजवळचा टर्फ बुक केला. त्याने मला फोन केला. "अंकल, तुमच्याकडे ओल्ड स्टफ आहे ना? पप्पा म्हणतात ऑल द फनी थिंग्ज तुम्ही ठेवलेत. टेबलवर डिस्प्ले करू या. आणि मॅच लाइव्ह जाणार, यूट्यूबवर."

लाइव्ह म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. मी लगेच भक्तीला कळवलं, शुक्रवारी संध्याकाळी लावून बस, बापाला बघ. तिने जावयाला, सासूला, शेजारच्यांना, सगळ्यांना सांगितलं.

शुक्रवारी मी खोलीतलं सगळं जुनं सामान काढलं. शेवरलेटच्या काचेचं हँडल, मॅटचा तुकडा, दोन खिळे, धावफलकाचा सहाचा पत्रा. तो सिमेंटचा डबासुद्धा घेतला, कंबर मोडायची वेळ आली. शिवाय उम्म जासिमची पिशवी. उम्म जासिम म्हणजे लाँगऑफच्या भिंतीपलीकडची म्हातारी. बॉल तिच्या अंगणात गेला की ती भिंतीवरून ओरडायची, "कूरा मफी! खलास!" म्हणजे बॉल नाही, संपलं. वर्षभराचे बॉल जप्त. आणि ईदच्या दिवशी स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत सगळे बॉल घालून आणून द्यायची, वर खजूर. एका वर्षी तर आमचे हरवले होते त्यापेक्षा जास्त बॉल परत आले. कुणाचे होते देव जाणे, आम्ही ठेवून घेतले.

टॅक्सीवाला मल्याळी होता. डबा बघून म्हणाला, "चेट्टा, इसमें क्या है?" मी म्हटलं, "विकेट." त्याने डिकी उघडली आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला.

टर्फवर पोचलो तर काय थाट! हिरवं प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी, वरूनही जाळी. बॉल जाणार कुठे? ना भिंत, ना म्हातारी. पण माणसं मात्र आमचीच होती. केस गेलेले, पोटं आलेली, दात नवे. टेबलावर मी सामान मांडलं तसा गराडा पडला. "अरे हा तोच डबा!" म्हणून ताहिरने त्याला टिचकी मारली, आणि म्हणाला, "वाजला!" महादेव म्हणाला, "नाही वाजला." पंचवीस वर्षांत माणसं सुधारलेली नव्हती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग संदेशने खोके उघडले. टी-शर्ट. रत्नागिरीचे हिरवे, रायगडचे निळे, पाठीवर प्रत्येकाचं नाव. एकेक जण घेत गेला, घालत गेला, एकमेकांच्या पाठी वाचत हसत गेला. मी वाट बघत उभा. खोकी रिकामी झाली.

"माझा?" मी विचारलं.

महादेव ताहिरकडे वळला. "ह्याचा तुमच्याकडे ना?"

"आमच्याकडे कसा? तुमच्याकडे!"

"अरे, मला वाटलं तू सांगितलंस."

"आणि मला वाटलं तू."

संदेश मोबाइल काढून चाळायला लागला. "वेट, वेट. पप्पांनी लिहिलं, आमचे अकरा प्लस कॉमन. ताहिर अंकलनी पण लिहिलं, अकरा प्लस कॉमन. सो आय थॉट कॉमन म्हणजे... शेअर्ड. दोन्ही टीमचं कॉमन. पाणी, बॉल्स, समोसे."

"म्हणजे मी समोसा?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो असतो, दुसऱ्या कोणाचं असतं तर. आमची आई म्हणायची, दोन घरचा पाहुणा उपाशी. ह्या घरच्यांना वाटतं तो तिकडे जेवला, त्या घरच्यांना वाटतं इकडे. पण आईने हे सांगितलं नव्हतं की पाहुणा चाळीस वर्षं उपाशी राहिला तर दोन्ही घरचे मिळून हसतात.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हसा! अरे, वर्षानुवर्षं तुमच्या मॅटी पसरल्या मी, खिळे ठोकले मी, हा डबा खोलीत पलंगाखाली सांभाळला मी, आणि तुम्हाला माझा एक टी-शर्ट आठवला नाही? मला काय जिल्हा नाही? नाव नाही? मी चाललो!" आणि डबा उचलायला वाकलो. आता सिमेंटचा डबा रागाच्या भरात उचलून ताडताड निघून जाणं काय जमणारी गोष्ट आहे? तो हलेचना.

ताहिरने माझा दंड धरला. "ए कॉमन, चिडतोस काय असा? चुकलं आमचं. तू खेळ ना, नेहमीसारखा दोन्हीकडून."

"अंकल, नॉट पॉसिबल," संदेश म्हणाला. "स्कोरिंगच्या अ‍ॅपमध्ये एक माणूस दोन टीममध्ये घेत नाही. यू हॅव टू चूज."

महादेव म्हणाला, "मग तूच निवड बाबा आज. कोणाकडून?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर मनात गुदगुल्या झाल्या. वाटलं, आता जुंपेल दोघांत. मी हिरवा म्हटलं की महादेव उसळेल, म्हणेल, ह्याची आई आमच्या बागमांडल्याची, हा आमचा. मग ताहिर म्हणेल, आईचं काय घेऊन बसलास, सातबारा वेशवीचा आहे. मी थोडा वेळ घेतला, घसा खाकरला, आणि म्हटलं, "रत्नागिरी."

"ठीक आहे," महादेव म्हणाला. "चला, यल्ला, टॉस करा, उजेड आहे तोवर."

निळ्यांतला एकजण बुटाची नाडी बांधत होता, दुसरा समोसा खात होता. अरे हा आमचा, असं कुणीही म्हणालं नाही. कुणी मान वर करून बघितलं नाही. भक्तीला मी सांगत आलो होतो, दोन्ही टीमना मी हवा होतो.

पण हिरव्यांचेही अकरा पुरे होते. तेव्हा आमचा जुनैद पुढे आला. त्याचा गुडघा कामातून गेलेला, हौसेने आला होता. त्याने टी-शर्ट काढून माझ्या हातात दिला. "घाल. मी बसतो बाहेर. माझ्याच्याने काय पळवणार आहे?" संदेश म्हणाला, लाइनअप लॉक झालीय, अ‍ॅपमध्ये जुनैदच राहील, काही फरक पडत नाही. क्षणभर मनात आलं, भक्तीला मेसेज टाकावा की पाठीवरचं नाव बघू नकोस. मग स्वतःवरच चिडलो. पोटची पोर ती. बापाला ओळखायला तिला नाव वाचावं लागणार आहे का?

मॅच बारा-बारा ओव्हरची. फिल्डिंगमध्ये मी एक चौका सोडला, त्याचं नाव काढू नका. आमच्या बॅटिंगला पाच जण आऊट झाल्यावर मी उतरलो. शेवटचा नाही, मधे! मागे अजून माणसं शिल्लक असताना बॅटिंगला जायचं काय सुख असतं ते मला त्या दिवशी कळलं. पहिला बॉल दिसलाच नाही. दुसरा पायावर लागला, निळ्यांनी गळा काढला, अंपायरने मान हलवली. तिसरा मी असा काही मिडविकेटला भिरकावला की जाळी थरथरली. शेवरलेट असती तर खिडकीतून आत गेला असता, आईशप्पथ. लाउडस्पीकरवरून कॉमेंट्री करणारा संदेशचा मित्र ओरडला, "जुनैद! व्हॉट अ शॉट!" आणि बाहेर बसलेल्या जुनैदने उठून सगळ्यांना सलाम केला.

शेवटच्या ओव्हरला चार हव्या होत्या. एक समोरच्याने पळून काढली, दोन मी. मग एक बॉल लेगला आला, मी बॅट लावली आणि पळत सुटलो. पोचलो. जिंकलो! ताहिर येऊन गळ्यात पडला, कुणी तरी मला उचलायला बघितलं, नाद सोडला. निळे हिरमुसले होते, महादेव अंपायरशी भांडत होता, आणि मी पहिल्यांदा नुसता जिंकलो होतो, सोबत हरलो नव्हतो. बेचाळीस रुपयांची लॉटरी लागली तरी माणूस घरी फोन करतो. मला तर कधी एकदा खोलीवर जातो आणि भक्तीशी बोलतो असं झालं होतं.

ताहिरने मला हूऱ्यात माझ्या खोलीपाशी सोडलं, म्हणाला भेटू. आम्ही भेटतो म्हणजे कुणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयताला. खोलीवर आलो, दिवा लावला, बूट काढायच्या आधी फोन लावला. भक्तीचा चेहरा आला, रागाने लाल.

"पाहिलीस?" मी विचारलं.

"पाहिली की, पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत. बाबा, तुम्हाला खेळवलंच नाही का त्यांनी? मी शोधून शोधून थकले. सासूबाई विचारतायत, व्याही कुठायत, व्याही कुठायत. काय माणसं आहेत हो तुमची! तुम्ही एवढे आशेने गेलात आणि तुम्हाला नुसतं बसवून ठेवलं?"

मी तोंड उघडलं, पण ती थांबेल तर ना.

"त्यातल्या त्यात ते जुनैदकाका बरे," ती पुढे म्हणाली. "थकलेत बिचारे, वाकलेत पार, एक पाय ओढत पळत होते. माझा जीव वर-खाली होत होता, म्हटलं पडतात की काय. पण काय मारला तो एक!"

"अगं गाढवे," मी ओरडलो, "तो मी होतो!"

"काहीतरीच काय बाबा."

"काहीतरीच काय? जुनैदचा गुडघा गेलाय, त्याचा टी-शर्ट घातला मी. मी मारला तो. मी!"

फोन तिने बहुतेक मांडीवर ठेवला, कारण मला नुसतं छत दिसत होतं, फिरता पंखा दिसत होता. मग दुसऱ्या मोबाइलवरून तो आवाज आला, व्हॉट अ शॉट, टाळ्या. परत एकदा. परत एकदा. ती मागे घेऊन घेऊन बघत होती. मी वाट बघत बसलो, आता म्हणेल, बाबा, फेकत नव्हतात तुम्ही.

तिचा चेहरा परत आला तेव्हा डोळे भरलेले होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पाय ओढत कधीपासून चालायला लागलात?"

मी म्हटलं, छे, ते प्लास्टिकचं गवत, पाय सटकत होता. ती म्हणाली, मला शिकवू नका. मग मी उठलो, तिला दिसणार नाही अशा बाजूने खोलीत दारापर्यंत गेलो आणि परत आलो. ओढत होतो. डावा. खरंच ओढत होतो. कधीपासून ते मी तिला सांगू शकलो नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. रोज मी एकटाच तर चालतो, मला कोण सांगणार.